क्लच दाबावा की न दाबावा?

आमच्या घनसावंगीचा दूधवाला गिअर बदलताना क्लच दाबीत नाही. निघताना एकदा दाबतो आणि थांबताना एकदा. मधला सारा कारभार पायाने. डाव्या हाताला दुसरी कामे असतात म्हणे. किटली सावरायची, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायचा. मी पडलो निवृत्त मास्तर. चूक दिसली की दाखविल्यावाचून राहवत नाही. एकदा त्याला अडवून म्हटले, “अरे बाबा, अशाने फटफटीची हाडे खिळखिळी होतील.”

“गुर्जी, बारा वर्सं झाली. कुठं काय झालं?”

बारा वर्षांच्या पुराव्यापुढे माझी विद्वत्ता लंगडी पडली. उठलो आणि मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने कुणाची तरी उघडलेली गिअरबॉक्स पुढ्यात ठेवली. माझी समजूत अशी, की गिअर बदलताना चाकांचे दात सुटतात आणि दुसऱ्या चाकात अडकतात. साफ खोटी! फटफटीत साऱ्या जोड्या नेहमीच एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतले एक चाक दांड्यावर मोकळे फिरते. शेजारचे चाक सरकून आले आणि त्याच्या अंगावरचे खुंट या चाकाच्या खाचांत बसले, की तो गिअर पडला. या खुंटांना इंग्रजीत ‘कुत्रे’ म्हणतात. धरले की सोडत नाहीत म्हणून असावे!

आता इंजिन जोरात ओढत असताना हे खुंट खाचेला दाबून बसलेले असतात. पायाने कितीही लाथाडा, सुटत नाहीत. क्लच दाबला की तो ताण जातो. पण रेस क्षणभर सोडली तरीही जातो, आणि तेवढ्या क्षणात पाय हलला तर गिअर अलगद पडतो. वरच्या गिअरला इंजिन सावकाश फिरायला हवे असते आणि रेस सोडल्यावर ते होतेच सावकाश. खाली येताना मात्र उलटा मामला. तेथे इंजिन जास्त फिरायला हवे, म्हणून ताण सुटताच रेसचा एक हलका झटका द्यावा लागतो. तो नेमका साधला नाही, की खणकन आवाज आणि मागे बसलेल्याचे कपाळ आपल्या पाठीवर!

“म्हणजे दूधवाल्याचे बरोबर?” मी विचारले.

मिस्त्रीने एक चाक माझ्या तळहातावर ठेवले. त्याच्या खुंटांचे कोपरे झिजून साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते. असा गिअर चढावर, ऐन ओझ्याखाली आपोआप सुटतो. आणि क्लचची वायर बदलायला काही मिनिटे पुरतात. हे चाक बदलायचे तर बहुतेक गाड्यांचे सबंध इंजिन दुभंगावे लागते.

जुन्या जावाची गोष्ट वेगळी. म्हैसुरात 1961 साली निघू लागलेल्या त्या गाडीत गिअरच्या पायदांडीलाच क्लच जोडलेला होता. पाय दाबला की तो आतल्या आत सुटे. हात लावायची गरज नाही. तीच दांडी आत दाबून वर फिरविली की किक! जपानात होंडाने 1958 साली सुपर कब काढली, तिला तर हाताचा क्लचच नाही. हॉटेलातून घरोघर जेवण पोचविणाऱ्या पोराला एक हात मोकळा राहावा, हा तीमागचा विचार. आमच्या दूधवाल्याचे गाऱ्हाणे टोकियोत आधीच पोचले होते म्हणायचे.

हे ज्ञान वाया जायचे, पण फेब्रुवारीत पुतणीची बारावीची परीक्षा आली. केंद्र अंबडला, साडेदहाच्या आत हजर राहायचे. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे थांबायला क्लच दाबला आणि वायर तुटली. गाडी आचका देऊन बंद. एस.टी. नुकतीच पुढे गेलेली, घड्याळात दहाला दहा कमी. पोरीच्या डोळ्यांत पाणी.

गाडी मागेपुढे हलवून न्यूट्रल केली, किक मारली. तिला म्हटले, “ढकल, आणि गिअर पडला की धावत येऊन बस.” चार पावलांवर पहिला टाकला. गाडीने म्हशीसारखी उसळी घेतली, पण बंद पडली नाही. पोरही कशीबशी चढली. दुसरा, तिसरा, चौथा असे पडले, की मला माझाच अभिमान वाटला. तो पुढच्या गतिरोधकापर्यंत टिकला. तेथे खाली येताना असा खणखणाट झाला, की शेतातली बाई खुरपे टाकून उभी राहिली. केंद्र दिसताच दुरूनच न्यूट्रल करून घरंगळत फाटकाशी गेलो. दहा वाजून बावीस मिनिटे!

मिस्त्रीने नवी वायर घातली आणि तिच्या अंगालगत आणखी एक, वेळेला हाताशी असावी म्हणून, बांधून दिली. ही हकिकत कुणालाही सांगू नकोस, असे मी पोरीला बजावले होते. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने माप झाल्यावर वर अर्धा पावशेर ओतले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता गाडीला किक मारली.