घर पाहावे राहून

गिरगावातल्या खोताच्या वाडीत फिरून आलेला माणूस बहुधा एकच वाक्य घेऊन परततो : "किती सुंदर! हे जपले पाहिजे." कोणी जपले पाहिजे, कोणाच्या पैशाने जपले पाहिजे आणि जपणाऱ्याने पावसाळ्यात झोपायचे कोठे, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. छायाचित्रे काढून तो चर्नी रोड स्थानकाची वाट धरतो. मागे राहते ते घर, त्याची गळकी कौले, वाळवी लागलेली तुळई आणि त्या तुळईखाली खाट टाकून झोपणारा माणूस. आम्हांला त्या माणसाची बाजू मांडायची आहे. ती मांडताना आपल्याच समाजाला चार कडू शब्द ऐकवावे लागतील, त्यांचा वाचकांनी राग मानू नये. किंवा मानावा, पण लेख शेवटपर्यंत वाचावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि ही वाडी वसली. एका हिंदू जमीनदाराच्या नावाची वाडी, तिच्यात क्रूस आणि त्या क्रुसापुढे जपमाळ म्हणणारी कुटुंबे. मुंबईच्या स्वभावाचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही. पुढे उघडी ओटी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, नक्षीचा कठडा, झडपांच्या खिडक्या आणि डोक्यावर मंगलोरी कौले, अशी ही दुमजली घरे. त्यांना सर्रास 'पोर्तुगीज घरे' म्हणतात. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांना देऊ केले गेले आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात आले. म्हणजे वाडी वसली तेव्हा पोर्तुगीजांना येथून जाऊन शंभर वर्षे उलटली होती. धाटणीत त्यांची छाया असेल, नाकारत नाही. पण घामाचा पैसा आपल्या पूर्वजांचा होता. परक्याचे नाव दिले की घर परके वाटू लागते, आणि परके घर मोडताना हात थरथरत नाही.

या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती. आज ती तिशीच्याही आत आली आहेत. माझगावच्या माथारपाखाडीची चिंताही वेगळी नाही. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा या पाखाडीचे. त्यांच्या नावाची बाग आपण माझगावच्या टेकडीवर राखली आहे. पाखाडीतल्या घरांबद्दल मात्र आपला उत्साह वार्षिक सणाच्या रोषणाईपुरता असतो.

घरे गेली की आपण बिल्डरला शिव्या देतो. बिल्डरची वकिली करण्याची आम्हांला हौस नाही. पण साधा प्रश्न असा की, बिल्डर कोणाच्या घरात सहीवाचून शिरतो? कागदावर पहिली सही त्याची नसते, आपली असते. ती करताना आपण जे वाक्य म्हणतो ते आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ कोणी तपासत नाही : "जुने घर परवडत नाही."

तो अर्थ एकदा तपासू या. टॉवरमधल्या सदनिकेसाठी दरमहा देखभालीचे पैसे मोजावे लागतात. उद्वाहन, पाण्याचे पंप, पहारेकरी, वाहनतळ, मग काही वर्षांनी बाहेरची रंगरंगोटी आणि गळती. तो हप्ता आपण मुकाट्याने भरतो, त्याला 'परवडत नाही' म्हणत नाही. जुन्या घराची शाकारणी वर्षातून एकदा, मे महिन्यात करायची असते : कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पन्हळी साफ करायच्या. हा खर्च आला की मात्र आपल्याला गरिबी आठवते. एक वर्ष शाकारणी टळली की एका फुटक्या कौलातून पाणी वाशावर पडते. दुसऱ्या वर्षी वासा मऊ होतो. तिसऱ्या वर्षी वाळवी येते. दहा वर्षांनी जो खर्च समोर उभा राहतो तो खरोखरच परवडणारा नसतो. पण तो घराच्या वयाचा खर्च नव्हे, आपल्या दहा वर्षांच्या आळसाचे चक्रवाढ व्याज आहे!

आणि ज्यांनी खर्च केला त्यांनी तरी तो कशावर केला? या घरांच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या आहेत. चुना ओल शोषतो आणि ऊन पडले की बाहेर टाकतो. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत, ते काव्य नव्हते, अनुभव होता. आपण त्या भिंतींवर 'मजबुतीसाठी' सिमेंटचा गिलावा चढवला. पावसाचे पाणी कुठून तरी आत शिरतेच. सिमेंटमुळे त्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके त्या कोंडलेल्या ओलीत कुजली. वरून भिंत गुळगुळीत, आत लाकडाचा भुगा. मग एके दिवशी गिलाव्याला तडा जातो, कोणी तज्ज्ञ येऊन डोके हलवतो आणि घर धोकादायक ठरते. वस्तुतः तुळईचे कुजलेले टोक तेवढेच कापून, खाच मारून, नव्या सागाचा तुकडा जोडता येतो. सारी तुळई बदलावी लागत नाही, मग सारे घर पाडण्याची गोष्ट दूरच. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि लाकडाचा जोड जाणणारा सुतार आज शोधावा लागतो, हे खरे. पण ज्या कामाला कोणी बोलावतच नाही ते काम कोणता कारागीर आपल्या मुलाला शिकवील?

येथे कोणी म्हणेल, तुम्ही जुन्याचे आंधळे भक्त आहात. नाही. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे. त्याच्या जागी १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी अगदी नव्या घडणीचे मंदिर उभारले आणि तेथे प्रार्थना पूर्वीसारखीच होते. नव्याशी आमचे वैर नाही. जुन्या घरात राहणे म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात राहणे नव्हे. ओटी आणि कठडा राखून आत चांगली न्हाणीघरे बांधता येतात, धोक्याच्या जुन्या वायरी काढून नव्या घालता येतात, गुडघे दुखणाऱ्या आजीची खोली तळमजल्यावर आणता येते. वाडीतच वेषभूषाकार जेम्स फरेरा यांनी आपल्या वडिलोपार्जित घरात राहून, त्याचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला करून, घराने घराचा खर्च उचलावा अशी वाट दाखवली. ती सर्वांना जमेल असे नाही. पण जे एका घराला जमले ते शेजारच्या घरात अशक्यच आहे, असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचे ओझे येते.

आता सरकारकडे वळू. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम केले आणि देशात पहिला मान मिळवला. त्या नियमांत नियमित दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे, हे ठामपणे लिहिले आहे. दुरुस्तीला साहाय्य म्हणून स्वतंत्र निधी 'उभारता येईल' असेही लिहिले आहे. भाषेचे प्रेम असणाऱ्या वाचकांनी या दोन क्रियापदांकडे पाहावे. मालकाने 'करावी', सरकारला 'येईल'. कर्तव्य एकाच्या पदरी आणि औदार्याची केवळ शक्यता दुसऱ्याच्या! पाडू नका म्हणून सांगायचे आणि उभे ठेवायला हात लावायचा नाही, याला संरक्षण म्हणत नाहीत.

भाड्याचा प्रश्न याच पोटातला. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी जुन्या आकड्यांवर गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची सवलत दिली. पण मूळ भाडेच जर पन्नास रुपये असेल तर चार टक्क्यांत दोन रुपये येतात आणि दोन रुपयांत एक कौलही येत नाही. भाडेकरूला रस्त्यावर काढा असे आम्ही म्हणत नाही. तोही त्याच धर्मग्रामाचा, त्याच क्रुसापुढे उभा राहणारा. मात्र चाळीस वर्षे त्या भाड्यात राहून, मुलांना परदेशी पाठवून, वर "घरमालक दुरुस्ती करत नाही" अशी तक्रार करणाऱ्याने आरशात पाहण्यास हरकत नसावी.

२०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आनंदाची गोष्ट. वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेले रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद पडले होते. ते २०१६ साली पुन्हा झळकले. त्याच्यामागे गोंडलचे राजघराणे होते आणि आभा नारायण लांबा यांच्यासारख्या संवर्धक वास्तुविशारद. आपल्यामागे राजघराणे नाही, असे म्हणून हा दाखला झटकता येईल. म्हणून दुसरा देतो. आग्रीपाड्याचे लाल चिमणी कंपाउंड ही पारशी न्यासाची वसाहत. तेथे ऑपेरा नाही. राहती, मध्यमवर्गी कुटुंबे आहेत. ती इमारती पाडून टॉवर करण्याऐवजी न्यासाने विकास दिलावरी यांच्याकडून त्या दुरुस्त करून घेतल्या आणि युनेस्कोने त्या कामाची दखल घेतली. पारशी समाज संख्येने आपल्याहून मोठा नाही.

मग आपले कोठे अडते? आमच्या मते पैशाआधी मृत्युपत्रात अडते. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना, मुलगे-मुली असा भेद न करता, समान. न्याय उत्तमच आहे. पण आजोबांनी मृत्युपत्र केले नाही, वडिलांनी केले नाही, काकांनी तर विषयच टाळला. तिसऱ्या पिढीत त्या घराला वीस वारस होतात. दोघे घरात राहतात, चौघे वसईत, तिघे बोरिवलीत, उरलेले कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात. कौले बदलायला वीस जणांची वर्गणी निघत नाही. जे घरात राहतात त्यांनी स्वतःच्या खिशातून केले तर बाकीच्यांना संशय येतो की हे घर बळकावतात. घर विकायला मात्र वीसही सह्या एका महिन्यात जमतात, अगदी टोरांटोहून कुरियरने! वाळवी लाकडाला नंतर लागते, कागदाला आधी लागलेली असते.

मरणाविषयी बोलायला ख्रिस्ती माणसाने का घाबरावे, हे आम्हांला कळत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण मातीत मिळण्याचे स्मरण करतो आणि घरी येऊन मृत्युपत्राचा विषय काढणाऱ्या सुनेला अपशकुनी ठरवतो. धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग होतात. तसाच वर्षातून एक रविवार मृत्युपत्र आणि वाटणीसाठी ठेवायला काय हरकत आहे? समाजात वकील आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत. भावाभावांचे खटले दिवाणी न्यायालयात कुजण्याआधी सक्रिस्तीशेजारच्या खोलीत मिटले, तर कित्येक घरे आपोआप वाचतील.

पैशाचेही तसेच. वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली कॅथॉलिक सहकारी संस्था उभी केली ती शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवण्यासाठी. त्या काळच्या सावकाराची जागा आज मुंबईच्या वाड्यांत कोणी घेतली आहे, हे सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर हातात रोख रक्कम नसलेल्या कुटुंबाकडे तो पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. शाकारणीपुरते, तुळईच्या जोडापुरते लहान आणि सुलभ कर्ज आपल्याच सहकारी संस्थेतून मिळाले, तर त्या पेढ्याची गोडी बरीच कमी होईल.

राहता राहिली ती लाज. जुन्या घरात राहणे म्हणजे मागे पडणे, ही समजूत आपल्या विवाहजुळणीत शिरली आहे. "मुलगा चांगला आहे, पण वाडीत राहतात" हे वाक्य किती घरांच्या मुळावर आले असेल! आणि मग तीच माणसे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री लावून उंबराचे पाणी आणायला निघतात. विहीर बुजवली, अंगण गेले, तर पाणी आणायचे कोठून? बाविसाव्या मजल्यावरच्या नळाचे? उन्हात मिरच्या वाळत घालून बाटली मसाला कुटायचा तर त्याला अंगण लागते आणि शेजारणी लागतात. घर गेल्यावर या चाली सभागृहातल्या कार्यक्रमात उरतात, तिकीट लावून.

मे महिना दूर नाही. ज्यांची घरे अजून उभी आहेत त्यांनी पहिला वळीव पडण्याआधी कौलांवर माणूस चढवावा, आणि भिंतीला सिमेंट लावू देऊ नये.