हातात कसब, रस्त्यावर मनाई

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव राज्यभर ठाऊक झाले ते ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे सुरू झालेल्या उपोषणामुळे. आरक्षणाच्या त्या मागणीमागे शेतीवर भागत नाही आणि नोकरी मिळत नाही, ही मराठवाड्यातील तरुणांची जुनी व्यथा होती. आरक्षणाने हा प्रश्न किती सुटेल, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु हाती कसब असलेल्या तरुणाला स्वतःचा व्यवसाय उभारता येतो काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ग्राहकाला हवी तशी मोटार बांधून देण्याचा व्यवसाय या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही. दिलीप छाब्रिया यांनी १९९३ मध्ये 'डीसी डिझाईन' सुरू केली आणि २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' ही मोटार मांडली. मात्र त्यांच्यामागे अमेरिकेतील रचनाशास्त्राचे शिक्षण होते. खेड्यातील कारागिराची वाट वेगळी असते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहाराने भंगारातील सुटे भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. पण नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कारागिराचा गौरव झाला. त्याच्या व्यवसायाचा मार्ग मात्र खुला झाला नाही.

याचे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. रस्त्यावरील जीव मोलाचे असल्याने हे निर्बंध अनाठायी म्हणता येणार नाहीत.

तरीही सगळी दारे बंद नाहीत. ट्रक, टँकर व रुग्णवाहिकांची बॉडी बांधणे, अपंगांसाठी वाहनात आवश्यक फेरबदल करणे, मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवणे ही कामे नियमांच्या चौकटीत होऊ शकतात. आयटीआयमध्ये वेल्डर, शीट मेटल किंवा मोटार मेकॅनिकचे प्रशिक्षण घ्यावे, वाळूज-शेंद्रा पट्ट्यातील कारखान्यांत किंवा बॉडी बांधणाऱ्या कार्यशाळेत काही वर्षे हात बसवावा आणि मगच स्वतःचे शटर उघडावे, हा क्रम शहाणपणाचा. आधी कर्ज काढून गाड्या सजवायला घेणारा तरुण ग्राहकालाही अडचणीत आणतो आणि स्वतःही बुडतो.

शासनाची जबाबदारीही येथेच सुरू होते. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्याला रस्त्यावर येऊ देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे पुण्यात 'एआरएआय'सारखी नामवंत चाचणी संस्था १९६६ पासून आहे. पण तेथवर पोहोचणे छोट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही. माफक शुल्कातील तपासणी विभागीय पातळीवर उपलब्ध झाली, तर सुरक्षिततेला बाध न येता खेड्यातील कसबाला बाजारपेठ मिळू शकेल. तोवर कौतुकाने कारागिराचे पोट भरणार नाही.