जाहीर इशारा: आम्हाला न विचारता केलेला कचऱ्याचा आराखडा चालणार नाही

मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, यांस

'कचरा कमी करण्याच्या आराखड्याबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी नोटीस आपण लावली आहे. कुठे, तर जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीशेजारच्या फलकावर, काचेच्या आत, दोन निविदा सूचनांखाली अर्धी झाकलेली. मुदत सात दिवस, त्यात शनिवार-रविवार. आराखडा 'कार्यालयीन वेळेत अवलोकनार्थ' ठेवला आहे, म्हणजे ज्यांच्या घरचा कचरा ते कामावर असतात त्या वेळेत. शिवाय तो इंग्रजीत. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा म्हणून राज्याने 2022 साली स्वतंत्र कायदा केला. तो आपल्या कार्यालयाच्या पायरीशीच थांबलेला दिसतो. मुदत संपली की 'एकही हरकत प्राप्त नाही' असा शेरा मारायचा आणि कागद पुढे सरकवायचा, हा डाव आम्ही ओळखून आहोत.

ही नोटीस या महिन्याच्या अखेरीपर्यंत मागे घ्या. आराखडा मराठीत छापून प्रत्येक प्रभागात ठेवा. प्रत्येक प्रभागात संध्याकाळी सातनंतर सभा लावा आणि आरोग्य निरीक्षकाला नव्हे, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे बसवा. ही विनंती नाही.

आराखडा आम्ही वाचला आहे, इंग्रजीतून वाचला आहे. नाव कचरा कमी करण्याचे आणि पानेच्या पाने कचरा वाहून नेण्याची: नव्या गाड्या, नवा कॉम्पॅक्टर, डेपोला कुंपण. कचरा मुळात कमी कसा होईल यावर एक परिच्छेद, तोही जनजागृतीचा. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. गाडी काट्यावर जितकी जड, तितके बिल मोठे. पावसात भिजलेला ओला कचरा त्याच्या फायद्याचा आणि घरच्या कुंडीत मुरलेला त्याच्या तोट्याचा. घंटागाडीत ओल्या-सुक्याच्या मधे पत्रा आहे, पण डेपोवर दोन्ही कप्पे एकाच ढिगावर रिकामे होतात, हे तिथे जाऊन कोणीही पाहावे. वजनावर बिल काढणाऱ्या करारात कचरा कमी व्हावा असे कोणाला वाटणार? हा प्रश्न आराखड्यात नाही. पहिल्याच सभेत तो कोणीतरी विचारेल, म्हणूनच सभा नको आहे, असा आमचा आरोप आहे.

लोकांना काय कळते, असे आपल्या कार्यालयात म्हटले जाते. लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागच्या दाराने छोट्या पाण्याच्या बाटल्यांची पोती कधी निघतात, हे शेजारच्या चाळीतल्या बायकांना ठाऊक आहे. मासळी बाजारातली थर्माकोलची खोकी कोण परत घ्यायला तयार आहे, हे विक्रेत्या मावशींना ठाऊक आहे. कोणते हॉटेल रात्री अकरानंतर खरकटे नाल्यात ओतते, हे रिक्षास्टँडवर विचारा. आणि भंगार-प्लॅस्टिक वेचून पोट भरणाऱ्या बायका तुमच्या सल्लागाराहून जास्त सांगतील, कारण कशाला भाव येतो आणि काय कुजत पडते हे त्यांच्या हाताखालून रोज जाते. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते, कचऱ्यावर शक्यतो जागच्या जागी प्रक्रिया करा असेही सांगितले होते. आराखड्यात वेचक आहेत ते फक्त 'डेपोवरील अनधिकृत प्रवेश' या मथळ्याखाली.

न विचारता केलेल्या कारभाराचे काय होते, ते औरंगाबादने 2018 साली दाखवून दिले. शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावच्या उशाला पडत राहिला. फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मग प्रशासन रातोरात दुसरी जागा शोधू लागले. मार्चमध्ये अशाच एका जागी, मिटमिट्याला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, गाड्या जळाल्या; शहरात कचरा रस्त्यावर साचत राहिला आणि आयुक्तांची बदली झाली. नारेगावला आधी कोणी विचारले नव्हते, मिटमिट्यालाही नाही.

आपल्याला हे जमणारे नाही, अशी सबब देऊ नका. बारा-तेरा हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे केले, प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात वापरला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढला. डंपिंगच्या जागेवर बाग झाली आणि ती पाहायला लोक येतात. आपल्या नगरपरिषदेचा अभ्यासदौराही तिथे जाऊन आला. दौऱ्याचे फोटो आले, अहवाल अजून यायचा आहे.

महिनाअखेर उलटली तर काय होईल, ते आताच सांगून ठेवतो. 2009 साली राज्याने क्षेत्रसभांची तरतूद केली. तुम्ही त्या भरवत नसाल तर सभा आम्ही भरवू, इतिवृत्त लिहू आणि प्रत्येक घराची हरकत स्वतंत्र अर्जाने आवक कक्षात पोच घेऊन देऊ. प्रत्येक अर्जाला कारणांसह उत्तर द्यावे लागेल. माहिती अधिकाराच्या कलम 4 नुसार लोकांवर परिणाम करणारे धोरण आखताना सगळी वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. ती मिळाली नाही तर ठेक्याचा करार, काट्याच्या पावत्या आणि बिले अर्ज करून मागवू. वजनकाट्यावर रोज आमची दोन माणसे वही घेऊन उभी राहतील. ज्या सोसायट्या तयार आहेत त्या ओला कचरा गाडीत टाकणेच बंद करतील, आवारात जिरवतील, आणि मग घटलेल्या टनांचे बिल कसे निघते ते आम्ही पाहू. तरीही आराखडा तसाच रेटला तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या खंडपीठापुढे भेटू. गाड्या मात्र अडवणार नाही. गाडीवर हातमोज्यांशिवाय उभ्या असणाऱ्या ताईंचे आणि दादांचे यात काही चुकलेले नाही.

आता दोन शब्द आपल्याच लोकांना. सभा लागली आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर वर लिहिलेले सगळे कागदी घोडे ठरतील आणि मुख्याधिकाऱ्यांचा 'हरकत नाही' हा शेरा खरा होईल. डायपर ओल्या डब्यात टाकून नगरपरिषदेला शिव्या घालणाऱ्यांनी सभेत पुढच्या रांगेत बसावे. त्यांनाही प्रश्न विचारले जाणार आहेत.

या पत्राची पोच आजच मिळावी. प्रती जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला दिल्या आहेत. ठेकेदाराला वेगळी प्रत देत नाही; आपल्या कार्यालयातले कागद त्याच्याकडे आमच्याआधी पोहोचतात.

प्रभागांतील रहिवासी