रुसलेली मोटारसायकल

बालमित्रांनो, तुमच्या घरात कोण कोण रुसतं? धाकटी बहीण रुसते, कधी आजी रुसते, आणि क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूवर आऊट झालात तर तुम्हीसुद्धा! पण रुसलेली मोटारसायकल पाहिलीय का कधी?

समजा, मे महिन्यात तुम्ही सगळे गावाला गेलात. गाडी महिना-दीड महिना पार्किंगमध्ये एका जागी उभी. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांची चाकणला पहिली पाळी. पहाटेच ते खाली उतरतात, किल्ली फिरवतात, किक मारतात... काही नाही! दहा किका झाल्या, वीस झाल्या. बाबा घामाघूम. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "चोक द्या." वॉचमनकाका म्हणतात, "प्लग काढा." तिसरं कुणी म्हणतं, "ढकला हो, होईल चालू!" इकडे घड्याळाचा काटा पुढे पळतोय आणि तिकडे कंपनीच्या गेटवर हजेरीची वेळ काही बाबांसाठी थांबणार नाही.

खरं सांगू? गाडी रुसत नाही. रुसायला मन लागतं. गाडीला फक्त कारणं असतात. ती कशी हुडकायची, ते आज बघू.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा म्हणजे दुचाकींचं माहेर. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात तयार होणारी चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली. पल्सर मोटारसायकल आली २००१ मध्ये, ती चाकणची. ऑस्ट्रियातल्या केटीएम कंपनीच्या छोट्या ड्यूक गाड्याही चाकणलाच तयार होतात आणि जहाजातून युरोपला जातात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ पडतो, तो वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि मिठानं लोखंड गंजतं. म्हणून तिथले बरेच लोक हिवाळाभर मोटारसायकल गॅरेजात झाकून ठेवतात. मग वसंत ऋतूत गाडी बाहेर काढली, की तिथेही हेच नाटक! आपल्याकडे बर्फ नाही, पण उभं राहण्याचे प्रसंग आहेतच. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा आपल्याही सोसायट्यांमध्ये कितीतरी गाड्या आठवडेच्या आठवडे हलल्या नव्हत्या.

तुम्हांला वाटेल, उभी राहिली म्हणजे गाडीला विश्रांतीच मिळाली की! इथेच आपण फसतो. गाडी उभी असली तरी तिच्या पोटात बदल चालूच असतात.

आधी एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोलच्या इंजिनाला सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. पेट्रोलची वाफ हवेत मिसळते, पिस्टन ते मिश्रण दाबून साधारण नऊ-दहा पट लहान जागेत कोंबतो, ऐन वेळी प्लगची ठिणगी पडते आणि भडका उडून पिस्टन खाली ढकलला जातो. चारांपैकी एक जरी गैरहजर असला, तरी इंजिन गप्प. म्हणून किका मारत सुटण्यापेक्षा शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घ्यायची. सगळ्यांत सोपा प्रश्न आधी, अवघड प्रश्न शेवटी.

पहिला प्रश्न फुकटचा. हँडलवरचं लाल बटण बंदवर तर नाही ना? पार्किंगमध्ये खेळणाऱ्या छोट्या मंडळींना ते दाबायला फार आवडतं! गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? साइड स्टँड वर केलाय ना? काही नव्या गाड्या स्टँड खाली असला तर सुरूच होत नाहीत. टाकीत पेट्रोल आहे ना? जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक उघडलाय ना? हसू नका. या प्रश्नांना एक पैसा लागत नाही आणि मिनिटभरात उत्तर मिळतं.

दुसरा प्रश्न बॅटरीला. किल्ली फिरवल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा लख्ख लागतो का? हॉर्न खणखणीत वाजतो, की सर्दी झाल्यासारखा? सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतंच 'कट-कट' होत असेल, तर बॅटरी उतरली असं समजायला हरकत नाही. मोटारसायकलच्या नेहमीच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं. तिच्या पोटात सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती बाराच्या आसपास आली, की बरीचशी रिकामी झालेली असते. गंमत म्हणजे, कुणी वापरली नाही तरी बॅटरी आपोआप हळूहळू उतरते. आणि तशीच पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कडक खडे धरतात. मग चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

तिसरा प्रश्न पेट्रोलला. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले चटकन उडून जाणारे हलके भाग इंजिन सुरू करायला सगळ्यांत उपयोगी, आणि नेमके तेच आधी पळून जातात! उरलेल्या पेट्रोलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा थर तयार होतो. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. त्यातून पेट्रोल ज्या भोकातून येतं, ते एक मिलिमीटरहूनही बारीक असतं. तिथं डिंक बसला, की संपलंच.

आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. २०२५ मध्ये आपल्या देशानं २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य गाठलं. यातलं बरंचसं इथेनॉल उसापासून बनतं. म्हणजे आपल्या शेतातला ऊस असा गाडीच्या टाकीत पोचला! पण इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पावसाळ्यात टाकीत पुरेसं पाणी शिरलं, तर इथेनॉल त्याच्याशी गट्टी करून तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तर तळातूनच निघतं.

तुमच्या आजोबांकडे चेतक होती का? त्यांना विचारा, सकाळी किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला का कलवायचे. तिरकी केली की पेट्रोल कार्बोरेटरमध्ये नीट उतरतं, असं सगळे सांगायचे. म्हणजे आजोबासुद्धा आधी पेट्रोललाच हाक मारत होते!

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोलची बारीक पिचकारी आली. तिच्यात ना कॉक, ना चोक. किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप क्षणभर 'घूं' करतो, तो आवाज कान देऊन ऐका. हा पंप आणि पिचकारी चालवणारा छोटा संगणक, दोघंही विजेवर जगतात. म्हणून अशा गाडीची बॅटरी पार उतरली असेल, तर सगळ्या बिल्डिंगनं मिळून ढकलली तरी बहुधा उपयोग होत नाही.

चौथा प्रश्न ठिणगीला. प्लगच्या दोन टोकांमधली फट एक मिलिमीटरहूनही कमी, पण तेवढी ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. प्लगवर काजळी धरली, किंवा चोक देऊन देऊन तो पेट्रोलनं ओला झाला, तर ठिणगी नीट पडत नाही. म्हणूनच वीस किका मारून काम सोपं होत नाही, उलट अडतं!

शेवटचा प्रश्न हवेला आणि दाबाला. उभ्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर चिंध्या जमवतात, वायरी कुरतडतात. कुंभारमाशी सायलेन्सरच्या नळीत मातीचं घर बांधते. धूर बाहेर पडायला वाट नसेल, तर नवी हवा आत कशी येणार? ही वाटही मोकळी असेल, तर आतल्या दाबाची तपासणी मात्र गॅरेजचंच काम.

यात एक नियम फार मोलाचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, बॅटरीही नवी घातली आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता ते कसं कळणार? पैसे तिप्पट गेले आणि शिकलो काहीच नाही.

आता थोडं गंभीर बोलू. पालकांनीही हा भाग वाचावा.

पेट्रोलची वाफ पेट घ्यायला उष्णता लागत नाही. उणे ४० अंश तापमानालासुद्धा ती पेटण्याइतकी तयार होते. शिवाय ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरते. म्हणून टाकीत डोकवायला काडी, मेणबत्ती कधीच नाही. प्लग काढून ठिणगी बघणं हेही मुलांचं काम नाही, ते मेकॅनिककाकांना करू द्या. आणि बंद गॅरेजात किंवा तळघरात इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. गाडी आधी उघड्यावर आणा, मग किक मारा.

गाडी सुरू झाली की दामटायचीही घाई नको. टायरमध्ये हवा, चेनला तेल, इंजिनात ऑइल बघा, आणि सर्वांत आधी ब्रेक. सुरू न होणारी गाडी फार तर उशीर करते; न थांबणारी गाडी जीव घेते. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत गिअरची गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, हे दादालाही आठवण करून द्या.

पुढच्या वेळी गावाला जाण्याआधी काय कराल? कार्बोरेटरची गाडी असेल तर मोठ्या माणसांना उघड्यावर इंजिन चालू ठेवून कॉक बंद करायला सांगा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेल आणि इंजिन आपोआप थांबेल. मग डिंक धरायला आत काही उरत नाही. टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. बॅटरीची वायर मेकॅनिककडून सोडवून घ्या. आणि घरी कुणी राहणार असेल, तर त्यांनी आठवड्यातून एकदा गाडीवरून पंधरा-वीस मिनिटांची चक्कर मारावी. जागेवर दोन मिनिटं चालू ठेवून बॅटरी भरत नाही.

करून पाहा: एका बशीत चमचाभर गुळाचं दाट पाणी घाला, दुसरीत साधं पाणी. दोन्ही बशा जाळीनं झाका, नाहीतर मुंग्यांची मेजवानी व्हायची! रोज बोट लावून पाहा आणि वहीत लिहा. साधं पाणी उडून गेल्यावर काय उरतं? गुळाचं पाणी किती दिवसांनी चिकट होतं? पेट्रोलच्या डिंकाची रासायनिक गोष्ट थोडी निराळी आहे, पण पातळ पदार्थातलं हलकं उडून गेलं की मागं चिकट कसं उरतं, ते बशीत दिसेल. मग जाड कागदाला टाचणीनं भोक पाडा आणि तो चिकट थेंब त्यातून जातो का पाहा. काय झालं ते आम्हांला जरूर कळवा!