पर्जन्यमापकाची निगा आणि आकड्याचा भरवसा

कोरडवाहू शेतीच्या मुलखात पावसाचे मोजमाप ही केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब कधीच नव्हती. पेरणी केव्हा करावी, खताचा दुसरा हप्ता केव्हा द्यावा, दुबार पेरणीचा धोका कितपत आहे, या साऱ्याचा हिशेब पावसाच्या मिलिमीटरांवरच बसवावा लागतो. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि १९३२ साली पुण्यास कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली. त्या काळापासून पुढे कित्येक वर्षे तालुका कचेरीच्या आवारातील साधा पर्जन्यमापक हाच पावसाचा अधिकृत साक्षीदार होता. सकाळी साडेआठ वाजता नरसाळ्याखालील पाणी मोजपात्रात ओतावे, आकडा वहीत लिहावा व तो वर कळवावा, अशी ती रीत होती.

ही रीत आता बरीच पालटली आहे. महाराष्ट्रात २०१७ सालापासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली व त्यांची संख्या २,००० च्या वर गेली. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘विंड्स’ हा उपक्रम जाहीर केला. तालुका पातळीवर स्वयंचलित केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असा त्याचा हेतू आहे. म्हणजे गावोगावची मापके संगणकाच्या जाळ्याला जोडली जाणार, हे निश्चित झाले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु जाळ्यात आलेला आकडा म्हणजे खरा आकडा, असा जो समज त्यासोबत रूढ होऊ पाहत आहे, त्याचा विचार वेळीच झाला पाहिजे.

आकडा कसा जातो?

स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली दोन खणांची एक लहानशी डोलती पळी असते. ठरावीक पाणी साचले की ती एका बाजूस कलते, पाणी सांडते व दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलण्यासरशी एक विद्युत्‌स्पंद निघतो. जवळच्या पेटीतील डेटा लॉगर हे स्पंद मोजतो, त्यांपुढे वेळ नोंदवतो आणि सिमकार्डाच्या साह्याने ती नोंद दूरच्या सर्व्हरकडे धाडतो. तापमान, आर्द्रता व वाऱ्याचे सेन्सर त्याच पेटीला जोडलेले असतात. या सर्वांना वीज पुरवते ती सौर तबकडी व तिच्यावर भारित होणारी बॅटरी.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. वहीतील आकडा दिवसाचा एकच असे. जाळ्यातील मापक पाऊस किती वाजता लागला व किती जोराने पडला, तेही सांगते. समजा, पहाटे सहापासून सकाळी अकरापर्यंत ८० मि.मी. पाऊस झाला आणि साडेआठच्या वाचनाने त्याचे चाळीस-चाळीस असे दोन दिवसांत तुकडे पडले, तर वहीत अतिवृष्टी दिसणारच नाही. तासातासाची नोंद असेल तर ती लपत नाही. द्राक्षबागेत पान किती तास ओले राहिले हे कळले, तर केवड्याची फवारणी अंदाजाने न करता गरजेपुरती करता येते. शिवाय घरबसल्या भरलेला आकडा जुन्या वहीत ओळखणे कठीण होते, हाही दोष मान्य करावयास हवा.

जाळे काय सांगू शकत नाही?

तथापि आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, पक्ष्यांची विष्ठा साचली किंवा कोळ्याने आत जाळे विणले, तर पळी कलत नाही. पळी कलली नाही की स्पंद नाही, आणि स्पंद नाही म्हणजे पाऊस शून्य. हा शून्य लॉगर निष्ठेने नोंदवतो, सिमकार्ड निष्ठेने धाडते व सर्व्हर निष्ठेने तक्त्यात मांडतो. साखळीतील एकही दुवा खोटे बोललेला नसतो, तरी आकडा खोटा असतो. नरसाळे अर्धवट तुंबले तर दोष आणखी फसवा होतो. साचलेले पाणी थेंबथेंब झिरपत राहते व रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नावे जमा होतो. मुसळधार सरीत पळी कलता-कलताच काही पाणी निसटते, म्हणून जोराचा पाऊस थोडा कमीच मोजला जातो. त्याची दुरुस्ती आधीच बसवून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट रिकाम्या नोंदीची. ढगाळ दिवसांत बॅटरी उतरली किंवा मोबाईलची सेवा खंडित झाली, तर आकडा येत नाही. लॉगरमध्ये साठवण असेल तर तो मागाहून येतो, नसेल तर कायमचा हरवतो. अशा जागी ‘नोंद नाही’ असे लिहिण्याऐवजी शून्य मांडले, तर न मोजलेला पाऊस न पडलेला ठरतो. या दोहोंतील अंतर कागदावर एका चिन्हाचे आहे, शेतकऱ्याच्या घरी मात्र ते एका हंगामाचे असू शकते. कारण अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. हून अधिक पाऊस हा निकष लावला जातो. फळपिकांच्या हवामानाधारित विम्याचे गणितही केंद्राच्या नोंदींवरच मांडले जाते. इतका भार ज्या आकड्यावर आहे, त्याची पारख झालीच पाहिजे.

काय करणे इष्ट?

पहिली गरज मनुष्याची आहे. प्रत्येक केंद्रासाठी त्याच गावातील एक माणूस माफक मानधनावर नेमावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नरसाळे व जाळी साफ करणे, सौर तबकडी पुसणे, भोवतालचे गवत काढणे आणि हे सर्व तारखेसह निगावहीत लिहिणे, एवढे काम त्याने करावे. झाड किंवा भिंत मापकापासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, हा नियमही त्याने राखावा. केंद्र उभारताना दूर असलेले रोपटे चार वर्षांत मोठे होते, हे दूरच्या कार्यालयातून दिसत नाही.

दुसरी गरज चाचणीची. २०० मि.मी. व्यासाच्या नरसाळ्यात ३१४ घन सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस. पळी ०.२ मि.मी.ला कलणारी असेल, तर ५० स्पंद मिळाले पाहिजेत. हे पाणी अर्ध्या तासात सावकाश सोडून मृगापूर्वी एकदा व पावसाळ्याच्या मध्यावर एकदा, ग्रामस्थांच्या समक्ष, अधिकृत कर्मचाऱ्याने मापक तपासावे. चाचणीचे पाणी पाऊस म्हणून सर्व्हरवर जाऊ नये, यासाठी तेवढा वेळ नोंदीत निराळा दाखवावा.

तिसरी गरज साक्षीदाराची. ग्रामपंचायतीच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक ठेवून सकाळी साडेआठला वाचण्याची रीत सोडू नये. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १ मि.मी. पाऊस म्हणजे २० घन सेंटिमीटर पाणी. हे गणित शाळेतील मुलांनाही करता येते. दोन्ही मापकांत मोठी तफावत दिसली, तर त्याच दिवशी कळविण्याची सोय असावी व तक्रारीस लेखी उत्तर मिळावे.

शेवटची गोष्ट प्रसिद्धीची. केंद्राचा आकडा जेथे दाखविला जातो तेथेच बॅटरीची स्थिती, शेवटच्या सफाईची व चाचणीची तारीख आणि न आलेल्या नोंदींची संख्या दाखवावी. ही माहिती पाठविण्यास जाळ्याला काही विशेष कष्ट पडत नाहीत.

या सूचनांना खर्च येईल, हे खरे. परंतु बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा दाखला मागणाऱ्या शेतकऱ्याने, ज्या आकड्यावर त्याची भरपाई ठरते त्या आकड्याचाही दाखला मागावा, यात गैर काही नाही. ग्रामसभांनी येत्या मृगापूर्वी आपल्या मंडळातील केंद्राची पाहणी करून निगावहीचा विषय ठरावात घ्यावा. यंत्राने मोजावे आणि जाळ्याने पोचवावे. त्या मापाचा भरवसा राखण्याचे काम मात्र गावाचे आणि शासनाचे, दोघांचेही आहे.