चोक सोडला की बंद!

फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर आली की आपला जीव कासावीस होतो. गावाकडे वडिलांची मोटरसायकल आठ महिने उभी असते, तिचं मात्र आपल्याला काही वाटत नाही. निदान मला तरी वाटलं नव्हतं.

गौरी-गणपतीला वळसंगला गेले होते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं आमचं गाव. संक्रांतीनंतर अप्पांना मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन लांबत गेलं आणि त्यांची २००६ची शंभर सीसीची गाडी पडवीत जाऊन बसली. सोमवारी सकाळी सोलापुरात त्यांची तपासणी होती. 'मी नेते की गाडीवर!' असं पुण्याहून फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

रविवारी गाडी बाहेर काढली. पंधरा-वीस किका मारल्यावर चोक ओढून सुरू झाली. चोक सोडला, की बंद. परत चालू, परत बंद. अप्पा खाटेवर बसून नुसत्या आवाजावरून सगळं ओळखत होते. शेवटी म्हणाले, "राहू दे बाई, एस्टीनं जाऊ."

ते 'राहू दे' झोंबलं. कारण हे आठ महिने ते दर फोनवर 'कामं असतील तर राहू दे' म्हणत होते आणि मी खरंच राहू देत होते.

शेजारच्या पोराला पाठवून मिस्त्रींना बोलावलं. मी विचारलं, "प्लग बदलायचा का? की बॅटरी?" ते हसले. "ताई, आधी टाकीत काय हाय ते बघा की!"

त्यांनी कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत धरलं. दोन मिनिटांत बाटलीत दोन थर दिसले. वर पेट्रोल आणि तळाला पाणी! शिवाय वार्निशसारखा वास.

त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे, मंडळी. सोलापूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये जातं. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी रोज फिरत असेल तर पेट्रोल संपतं, प्रश्न येत नाही. पण अर्धी टाकी पावसाळाभर उभी राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. स्लो जेटचं केसाएवढं भोक त्यानं बुजतं. मग चोकवर चालते, चोक सोडला की मरते.

तुमचीही गाडी रुसली असेल तर खर्च करण्याआधी या क्रमानं जा. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. इंजिन थंड असू द्या, जवळ विडी-काडी नको आणि काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. मग वाटी रिकामी करा. प्लग काढून साफ करा. एअर फिल्टर उघडा, उंदराचं घरटं निघालं तर दचकू नका. तरीही चोक सोडल्यावर बंद पडली तर कार्बोरेटर उघडून जेट हवेच्या प्रेशरनं साफ करून घ्या. टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. आणि दोन-तीन किलोमीटरवर बंद पडून टाकीचं झाकण उघडताच सुरू होत असेल, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय!

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे बॅटरी उतरली की पेट्रोल पंपच चालत नाही, त्यामुळे आधी बॅटरी तपासा.

आमच्या गाडीचा स्लो जेटच बुजला होता. तासाभरात काम झालं. जाताना मिस्त्रींनी सांगितलं, "परत उभी करायची तर कॉक बंद करा आन् इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालू ठेवा. वाटी रिकामी, मग जेट चोंदायचा सवालच न्हाई."

सोमवारी आम्ही गाडीनंच गेलो. अप्पा आपल्याच गाडीवर पहिल्यांदा मागे बसले होते. हॉटगी रोडच्या ट्रॅफिकमध्येही गाडी एकदाही बंद पडली नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली, दोन आठवड्यांनंतरची.

परतल्यावर मी कॉक बंद करायला वाकले, तर अप्पा म्हणाले, "राहू दे. पंधरा दिवसांनी लागणारच हाय की."

यावेळचं 'राहू दे' मी ऐकलं. तिकीट काढलंय.