घरातील हवा कोणाची?

रस्ता नगरपालिकेचा, जंगल वनखात्याचे, नदी सर्वांची. पण घरातील हवा कोणाची? बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशात १९८१ साली कायदा झाला. परंतु हा कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. ज्या खोलीत आपण झोपतो, ज्या वर्गात तासन्‌तास बसतो, तेथील हवा मोजायला कोणी येत नाही.

नावड्याचेच पाहा. शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत. रात्री उग्र दर्प आला की घराघरांतल्या खिडक्या लागतात. मग आत काय उरते? फोडणीचा धूर, गॅसची ज्योत, देवापुढची उदबत्ती आणि डासांसाठी लावलेली कॉइल. २००३ साली अमेरिकन व मलेशियन संशोधकांनी मिळून अशा कॉइलचा धूर तपासला. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले! डास बाहेर ठेवण्यासाठी आपण केवढी किंमत मोजतो!

या प्रश्नाची जाण जगाला झाली तीही सहकार्यातूनच. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर यंत्रे लावून धूर मोजला. धुराने डोळे चुरचुरतात आणि खोकला जडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. पण त्यांच्या तक्रारीला आकडा नव्हता, म्हणून ती स्वयंपाकघराबाहेर गेली नाही. आकडा मिळाला आणि ती जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोचली. चुलीच्या व अन्य घरगुती इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

तेव्हा, ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे परिषदा आणि चहापान’ हा नेहमीचा आक्षेप मला अर्धाच पटतो. भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गर्भवती स्त्रियांचा एकत्र अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या घरांना गॅस देण्यात आला. स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कण सुमारे एक तृतीयांशावर आले. मात्र बाळांचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. हा नकोसा निष्कर्षही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते सिलिंडर वाटून सारे साधत नाही, हे सांगण्याचे धैर्य अशा सहकार्यात असते.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे. ‘खिडक्या उघडा’ हा कोविडकाळात जगभर दिला गेलेला सल्ला योग्यच होता; पण बाहेरची हवा स्वच्छ आहे, हे त्यात गृहीत होते. नावड्याच्या माणसाने खिडकी उघडावी की लावावी? या प्रश्नाचे उत्तर परदेशी पुस्तकात सापडणार नाही. ते हवे असेल तर मानके ठरवताना आपलीही माणसे आणि आपलीही मोजमापे तेथे असली पाहिजेत. घराआतील हवा आणि कारखान्याचे धुराडे हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे आपल्यावाचून कोण सांगणार?

मित्रहो, आपण कला शाखेचे. यंत्रांशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. विविध देशांतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी मर्यादा सुचवल्या. त्यांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ८०० असावे, असे म्हटले आहे. हा वायू मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. भूगोल विभागाने ते घ्यावे आणि भरलेल्या वर्गात, ग्रंथालयात, वसतिगृहात वर्षभर नोंदी ठेवाव्यात. त्याच वेळी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घरोघर विचारावे : खिडकी केव्हा लावता, का लावता, कॉइल कितीची आणता?

अशी नोंदवही हाती असली, तर जगाच्या बैठकीत आपण केवळ मदत मागणारे राहणार नाही. प्राचार्यांनी आणि गुरुजनांनी पुढील वर्षाच्या प्रकल्पांत या कामाला स्थान द्यावे, ही नम्र विनंती.